बिऱ्हाड टपावर

मोटारीच्या टपावर घट्ट बसवलेला, प्रवासात घडी होऊन राहणारा आणि मुक्कामाच्या जागी उघडला की दोन-तीन माणसांचा बिछाना होणारा तंबू आता मराठी वाचकाच्या पाहण्यात आला असला, तरी त्याला रूढ मराठी नाव मिळालेले नाही; हौशी प्रवासी त्याला ‘रूफटॉप टेन्ट’ म्हणतात, आणि ज्या भाषेने एसटीच्या छपराला ‘टप’ हा सुटसुटीत शब्द दिला तिने या वस्तूला टपतंबू म्हणायला हरकत नसावी. त्याची रचना सोपी असते. तळाशी ताठ फळी, तिच्यावर कायमची अंथरलेली गादी, भोवती कमानींवर ताणलेले जाड कापड आणि चढण्यासाठी एक शिडी एवढ्यानेच तो सिद्ध होतो. फळी मधोमध दुमडलेली असून तिचा अर्धा भाग गाडीबाहेर शिडीच्या आधारावर उघडत असेल तर त्याला मऊ कवचाचा, आणि पेटीचे झाकण उचलावे तसा वर उघडत असेल तर कडक कवचाचा टपतंबू म्हणतात. त्याचे गुणदोष सांगताना बहुधा दोन रकाने आखले जातात: एकीकडे कोरडी जागा, सपाट बिछाना आणि झटपट मांडणी, तर दुसरीकडे वजन, किंमत आणि वाऱ्याचा अडथळा. ही यादी खोटी नाही, पण अपुरी आहे, कारण तिच्यातील प्रत्येक बाबीचे मोल देशकालानुसार बदलत गेले आहे; एका समाजाला जो दोष परवडला नाही तो दुसऱ्याला जाणवलाही नाही, आणि असे का झाले याचे उत्तर टपतंबूच्या इतिहासातच शोधावे लागते.

फिरत्या निवाऱ्यापुढे तीन प्रश्न नेहमीच उभे राहतात: तो वाहायचा कोणी, उभारायचा कोणी, आणि थकून आलेल्या प्रवाशाने तोवर किती वेळ ताटकळायचे. मोगल दरबाराने या प्रश्नांचे उत्तर मनुष्यबळाने दिले. अबुल फजलने ‘ऐन-ए-अकबरी’त दिलेल्या तपशिलानुसार अकबराची छावणी हलवण्यासाठी १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाडे आणि १०० भोई लागत, आणि तिच्यावर १,००० फर्राश, म्हणजे बिछायत, गालिचे व डेरे यांची व्यवस्था पाहणारे नोकर, नेमलेले असत. औरंगजेबाच्या १६६४-६५ मधील काश्मीर प्रवासात बरोबर असलेला फ्रेंच वैद्य फ्रान्स्वा बर्निये याने डेऱ्यांचे दोन संच असल्याचे लिहिले आहे. एका संचात बादशहाचा मुक्काम असताना ‘पेशखाना’ म्हटला जाणारा दुसरा संच पुढच्या मजलेवर जाऊन उभा राही, त्यामुळे बादशहाला ताटकळण्याची वेळ येत नसे. मराठी राज्यकारभारातही राहुट्या, डेरे आणि कनाती, म्हणजे तंबूभोवती आडोशासाठी उभारायच्या कापडी भिंती, सांभाळणारे खाते होते व ते फरासखाना या नावाने ओळखले जाई; पुण्यात हे नाव एका पोलीस ठाण्याला चिकटून राहिले आहे, मात्र तक्रार घेऊन तेथे जाणाऱ्यांपैकी कोणाच्या मनात तंबूचा विचार येत असेल असे वाटत नाही.

ज्यांच्या पदरी फर्राश नव्हते त्यांनी वजन कमी केले. धनगरांचे पाल घोड्याच्या पाठीवर मावते, कारण ते बुटके असते आणि त्याखाली बसण्या-निजण्यापलीकडे काही करता येईल अशी अपेक्षाच नसते. दुसरीकडे जोंधळ्याच्या शेतात पाखरे आणि रानडुकरे यांच्यापासून पिकाची राखण करण्यासाठी चार खांबांवर उभारलेला माळा, ज्यावर राखणदार गोफण घेऊन बसतो आणि रात्री तेथेच लवंडतो, हा जमिनीपासून सुटलेल्या बिछान्याचा जुना नमुना आहे. विंचवासारखे पाठीवरचे बिऱ्हाड आणि माळ्यासारखी उंचावरची झोप या दोन कल्पनांची सांगड टपतंबूत पडलेली दिसते, परंतु त्यावरून त्याचा वंश पालापर्यंत किंवा माळ्यापर्यंत नेणे चुकीचे ठरेल. त्याचा जन्म मोटारीच्या पत्र्याशी बांधलेला आहे.

हे विधान अमेरिकेच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. तेथे फोर्ड कंपनीची मॉडेल टी ही गाडी १९०८ मध्ये बाजारात आली आणि पुढील पंधरा वर्षांत मोटारीतून जाऊन उघड्यावर मुक्काम करण्याची प्रथा इतकी फोफावली की १९१९ मध्ये फ्लोरिडातील टॅम्पा येथे ‘टिन कॅन टुरिस्ट्स’ नावाची अशा प्रवाशांची संघटनाच स्थापन झाली. हेन्री फोर्ड, थॉमस एडिसन, टायर-उत्पादक हार्वे फायरस्टोन आणि निसर्गलेखक जॉन बरोज हे त्या काळात एकत्र छावणी-प्रवासाला निघत, आणि त्याची वर्णने वृत्तपत्रांतून गाजत. त्यांच्या ताफ्यात स्वयंपाकी आणि सामानाचे ट्रक असत हे पाहिले म्हणजे फर्राशांची परंपरा अगदीच खंडित झाली नव्हती असे म्हणावे लागते. सामान्य प्रवासी मात्र गाडीच्या कुशीला कापड बांधून त्याचे दुसरे टोक जमिनीत खुंट्या ठोकून ताणत असे. एवढा मोठा प्रवासी समाज आणि एवढ्या गाड्या असूनही तंबू टपावर चढला नाही, याचे साधे कारण असे की या गाड्यांना टपच नव्हता. बहुतेक गाड्यांवर गुंडाळता येणारे कापडी छत असे, आणि पुढे बंद गाड्या आल्या तेव्हाही त्यांच्या छपराचा मधला भाग लाकडी चौकटीवर ताणलेल्या मेणकापडासारख्या आच्छादनाचा असे. पोलादाच्या एकाच पत्र्यातून दाबून काढलेले अखंड छप्पर जनरल मोटर्सने १९३५ च्या गाड्यांना दिले. तोवर अमेरिकी प्रवाशाने आपले प्रश्न अन्य मार्गांनी सोडवले होते: १९२५ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन लुईस ओबिस्पो येथे पहिले मोटेल, म्हणजे गाडी दाराशी लावून राहण्याचे पांथस्थगृह, सुरू झाले होते, आणि मागे जोडायच्या घरगाड्याही रस्त्यावर दिसू लागल्या होत्या. रुंद रस्ता, मोठे इंजिन आणि स्वस्त पेट्रोल असलेल्या देशाला बिछाना डोक्यावर घेण्याची गरज नव्हती.

पोलादी छपराबरोबर आणखी एक बारीकशी गोष्ट आली, जिच्याकडे इतिहासकारांचे सहसा लक्ष जात नाही. छपराचा पत्रा आणि बाजूचा पत्रा जेथे जोडला जाई तेथे दारात पाणी ठिबकू नये म्हणून एक उथळ पन्हळ काढलेली असे, आणि हा जोड दुहेरी पत्र्याचा असल्यामुळे तोच छपराचा सर्वांत बळकट भाग ठरे. सामान वाहण्याचे कॅरिअर या पन्हळीला शिकंजांनी पकडले जाई. मधल्या पातळ पत्र्यावर भार न पडता तो दोन्ही बाजूंच्या खांबांतून चाकांकडे उतरे. एकाच मापाचे शिकंजे जवळजवळ सगळ्या गाड्यांना चालत, त्यामुळे कॅरिअर हा स्वतंत्र, स्वस्त आणि गाडी बदलली तरी टिकणारा माल झाला. टपतंबूला लागणारा पाया असा आयताच तयार झाला होता.

त्यावर पहिली टिकाऊ इमारत इटलीने उभी केली. महायुद्धानंतरच्या आर्थिक भरभराटीत इटलीतील मध्यमवर्ग प्रथमच स्वतःच्या मोटारीत बसला. फियाटची ६०० ही गाडी १९५५ मध्ये आणि तिच्याहून छोटी नुओव्हा ५०० ही १९५७ मध्ये आली, आणि मिलानपासून नेपल्सपर्यंतच्या ‘ऑतोस्त्रादा देल सोले’ या महामार्गाचे काम १९५६ मध्ये सुरू होऊन १९६४ मध्ये पूर्ण झाले. ऑगस्टमध्ये अर्धा देश एकदम सुटीवर निघतो अशी तेथील रीत असल्यामुळे समुद्रकाठच्या खोल्या महाग आणि दुर्मीळ होत, तर गाडी एवढी चिमुकली असे की चार माणसे बसल्यावर तंबू, गाद्या आणि स्वयंपाकाची भांडी यांना जागाच उरत नसे. अशा परिस्थितीत १९५८ मध्ये ‘एअर-कॅम्पिंग’ या नावाचा टपतंबू विक्रीस आला, आणि मांतोव्हा परिसरातील ऑटोहोम या कंपनीने ते नाव पुढे अनेक दशके चालवले. त्याच घराण्यातील ‘मॅजोलिना’ हा काचतंतूंच्या कडक कवचाचा प्रकार हाताने दांडा फिरवून वर उचलला जाई. विहिरीवरचा रहाट फिरवणाऱ्याला त्याची कृती समजावून सांगावी लागली नसती. येथे ध्यानात घेण्याजोगी बाब अशी की उंचीवरची रम्य झोप हे इटालियन ग्राहकाचे मुख्य आकर्षण नव्हते. त्याला गाडीत नसलेली जागा हवी होती, आणि ती वरच्या दिशेने मिळाली.

या जागेची किंमत मात्र गाडीला मोजावी लागते, व ती समजण्यासाठी भाराच्या दोन मापांतील भेद समजून घेणे आवश्यक आहे. गाडी उभी असताना छप्पर जो भार पेलते त्याला स्थिर भार म्हणतात. दोन माणसे, गादी आणि तंबू मिळून दोनशे किलोंचा हा भार सरळ खाली दाबत असल्याने बहुतेक पोलादी गाड्यांची चौकट तो विनातक्रार सोसते. गाडी चालू असताना मात्र खड्डा, वळण आणि ब्रेक यांमुळे तेच वजन कधी वर उसळते, कधी बाजूला खेचते, कधी पुढे झेपावते, आणि म्हणून उत्पादक जी कमाल मर्यादा सांगतो ती या चल भाराची असून छोट्या-मध्यम गाड्यांत ती बहुधा ५० ते १०० किलोंच्या दरम्यान असते. टपतंबूचे वजन साधारणपणे ४५ ते ९० किलो भरते आणि त्यात कॅरिअरच्या वजनाची भर पडते. म्हणजे दोन माणसे निर्धास्त झोपू शकतात अशा छपरावर रिकामा तंबू घेऊन धावणे हेच अधिक जोखमीचे, असा उलटा हिशेब येथे लागतो, आणि पुष्कळ खरेदीदारांना तो दुकानात पटत नाही. गाडीचा गुरुत्वमध्य वर सरकल्यामुळे घाटातील वळणावर तिचा कल वाढतो. हवेचा रोध तर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी १०० वरून १२० किलोमीटरवर गेल्यास तो ४४ टक्क्यांनी अधिक होतो. पेट्रोलचा खर्च त्यामागोमाग येतो, आणि तंबू वर्षातून दहा रात्री उघडला तरी उरलेले दिवस तो बसवलेला ठेवणाऱ्याला तो रोजच भरावा लागतो.

हे सगळे तोटे जेथे जवळजवळ निष्प्रभ ठरले ती जागा पूर्व जर्मनी होय, आणि टपतंबूच्या इतिहासातील सर्वांत बोलके प्रकरण तेथेच लिहिले गेले. त्स्विकाउ येथे बनणारी ट्राबांट ६०१ ही गाडी १९६४ पासून फारशी न बदलता तयार होत राहिली. तिचे दोन-फेरी इंजिन सुमारे ६०० घनसेंटिमीटरचे आणि २६ अश्वशक्तीचे होते, वजन सहाशे किलोंच्या आसपास होते, आणि पोलादी सांगाड्यावरचे तिचे बाह्यांग ड्युरोप्लास्टचे, म्हणजे कापसाचे टाकाऊ तंतू रेझिनमध्ये दाबून केलेल्या कठीण पदार्थाचे असे. गाडी मिळण्यासाठी नाव नोंदवून दहा वर्षांहून अधिक काळ वाट पाहावी लागे. सुटी ही गोष्टही वाटपाची होती: कामगार संघटनांच्या महासंघाचा सुटीविभाग विश्रामगृहांतील जागा वाटत असे, आणि बाल्टिक किनाऱ्यावर स्वतःचा तंबू ठोकायचा तरी वर्षारंभी अर्ज करून तंबू-परवाना मिळवावा लागे. १९६१ नंतर पश्चिमेचे दार बंद झालेले असल्यामुळे उन्हाळ्यातील दूरचा प्रवास म्हणजे चेकोस्लोव्हाकिया, हंगेरीतील बालाटन सरोवर, फार तर बल्गेरियाचा काळा समुद्र. तिकडे जाणाऱ्याला परकीय चलनही मोजकेच बदलून मिळे, त्यामुळे डबाबंद मांस, बटाटे, कॉफी असा सारा शिधा घरून नेण्याची पद्धत पडली होती, आणि ट्राबांटची डिकी निघण्यापूर्वीच भरून जाई.

केम्निट्झजवळच्या लिंबाख-ओबरफ्रोना या विणकाम-व्यवसायासाठी ओळखल्या जाणाऱ्या गावातील गेरहार्ड म्युलर यांनी १९७० च्या दशकात आपल्या सुटीसाठी ट्राबांटच्या टपावर बसणारा तंबू तयार केला, आणि पुढे तो मागणीनुसार इतरांसाठीही बनू लागला. बर्लिनमधील एखाद्या नियोजन-कार्यालयाने आखलेला हा माल नव्हता. नियोजनात ज्याची तरतूद नाही ते हाताला येईल त्या सामग्रीतून घडवण्याची जी सवय त्या समाजाला लागली होती तिचे हे फळ होते. तंबूचे वजन छपराच्या ड्युरोप्लास्टवर न टाकता पन्हळीतून पोलादी सांगाड्यावर उतरवल्यामुळे सहाशे किलोंची ही कागदी वाटणारी गाडी दोन माणसांना अलगद डोक्यावर घेत असे. पश्चिमेकडील गाड्यांत ज्याची धास्ती घेतली जाते तो हवेचा रोध येथे कोणाला फारसा बोचला नाही, कारण महामार्गावरही ताशी १०० किलोमीटरची मर्यादा होती व ट्राबांटला तेथवर पोहोचतानाच धाप लागे. पंधराशेहून अधिक किलोमीटरचा बल्गेरियाचा प्रवास तीन-चार मुक्कामांत करणाऱ्या कुटुंबाला, वाटेत कोठेही अर्ध्या तासाच्या आत बिछाना तयार होणे आणि डिकीतील शिधा न हलवता झोपता येणे, हा लाभ पेट्रोलच्या चार जादा लिटरांपेक्षा मोठा होता. या समाजात घरासाठी अर्ज, खोलीसाठी अर्ज, तंबूच्या जागेसाठीही अर्ज असताना दहा वर्षे थांबून मिळालेली गाडी हीच खऱ्या अर्थाने खासगी मालमत्ता होती, आणि तिच्यावर आणखी एक मजला चढवण्याच्या हौसेला काहीशी विनोदी असली तरी एक प्रतिष्ठा होती.

या प्रवासांचा शेवट राजकारणाने केला, आणि त्यात तंबूवाल्यांचाही वाटा आहे. १९८९ च्या उन्हाळ्यात हंगेरीत सुटीसाठी गेलेले पूर्व जर्मन प्रवासी परतण्याऐवजी तेथेच रेंगाळू लागले. १९ ऑगस्ट रोजी सोप्रोनजवळ ‘सर्व-युरोपीय सहल’ या नावाने भरलेल्या मेळाव्याच्या वेळी सीमेचे फाटक उघडले गेले तेव्हा सहाशेहून अधिक लोक ऑस्ट्रियात निघून गेले, आणि ११ सप्टेंबरपासून हंगेरीने त्यांच्यासाठी सीमाच खुली केली. अनेकांनी गाडी, तंबू आणि उरलेला शिधा मागे टाकला. ज्या साधनाने सुटीच्या जागेची टंचाई भागवली होती त्याची गरज टंचाईबरोबरच संपली. पश्चिमेच्या जुन्या गाड्या स्वस्तात मिळू लागल्या, भूमध्य समुद्राकाठची हॉटेले खुली झाली, आणि ३० एप्रिल १९९१ रोजी शेवटची ट्राबांट कारखान्याबाहेर पडली.

दक्षिण आफ्रिकेत टपतंबू वेगळ्याच कारणाने रुजला. तेथे १९८० च्या दशकापासून स्थानिक कारागिरांनी जाड, श्वास घेऊ शकणाऱ्या सुती-मिश्र कॅनव्हासचे तंबू चार चाकांनी ओढणाऱ्या दणकट गाड्यांसाठी बनवायला सुरुवात केली, आणि आज नामिबियातील विंडहुक शहरात भाड्याने मिळणाऱ्या पिकअप गाड्यांवर एक किंवा दोन टपतंबू असणे ही नेहमीची बाब आहे. बोट्स्वानातील मोरेमी आणि चोबे या अभयारण्यांतील मुक्कामाच्या जागांना कुंपण नसते. रात्री तेथून हत्ती जातो, तरस येते, क्वचित सिंहही फिरकतो. जमिनीपासून दोन मीटर उंचीवरचा बिछाना अशा ठिकाणी मनाला धीर देतो हे निर्विवाद आहे, पण या संरक्षणाचे जितके कौतुक केले जाते तितके ते खरे नाही. बिबट्याला दोन मीटर ही उंचीच नव्हे, आणि हत्तीला तर ती सोंडेच्या आवाक्यातली आहे. उलट, जमिनीवरच्या नीट बंद केलेल्या तंबूत सिंह शिरल्याच्या घटना विरळ आहेत, आणि दुर्घटना घडतात त्या बहुधा माणूस रात्री बाहेर पडल्यावर घडतात. त्या दृष्टीने टपतंबूचा सर्वांत मोठा दोष, म्हणजे लघुशंकेसाठी अंधारात शिडी उतरावी लागणे, नेमका याच प्रदेशात सर्वांत महाग पडू शकतो. विंचू, साप, मुंग्या आणि पावसाने वाहणारे पाणी यांपासून मिळणारी सुटका मात्र खरी आहे. शेतातला माळा बांधणाऱ्याला हा फरक ठाऊक होता, आणि म्हणून तो माळ्यावर बसून वाघाला आव्हान देण्याच्या गोष्टी करीत नसे.

टपतंबूच्या एका चुलत भावंडाचा उल्लेख येथे करायला हवा. जर्मनीतील वेस्टफालिया कंपनीने १९५१ पासून फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये झोपण्याची सोय बसवायला आरंभ केला, इंग्लंडमध्ये फोकस्टन येथील मार्टिन वॉल्टर कंपनीने ‘डॉर्मोबिल’ या नावाने छप्परच वर उचलले जाणाऱ्या गाड्या काढल्या, आणि यांत प्रवाशाला बाहेर न पडता गाडीतूनच वरच्या बिछान्यावर जाता येई. सोयीच्या दृष्टीने ही रचना सरस असली तरी ती गाडीत कायमची गुंतलेली असे. टपतंबू मात्र काढून ठेवता येतो, दुसऱ्या गाडीवर चढवता येतो, विकता येतो. त्याच्या दीर्घायुष्याचे श्रेय झोपेच्या सुखापेक्षा या सुटेपणालाच अधिक द्यावे लागते.

एकविसाव्या शतकात या वस्तूचे सामाजिक स्थान पालटले. कॅलिफोर्नियातील टेपुई ही कंपनी २०१० मध्ये सुरू झाली आणि २०१८ च्या अखेरीस ती स्वीडनच्या थुले कंपनीने विकत घेतली. १९४२ मध्ये स्थापन झालेल्या आणि कॅरिअरच्या धंद्यावर वाढलेल्या या कंपनीने तंबूत पाऊल टाकणे हे पायाने वरचा मजला विकत घेण्यासारखे होते. ज्या वस्तूला इटलीत जागेच्या आणि पूर्व जर्मनीत परवान्याच्या टंचाईने जन्म दिला होता तीच आता मोठी गाडी, मोकळा वेळ आणि बऱ्यापैकी पैसा असणाऱ्यांची शान झाली. या नव्या ग्राहकाला जुने फायदे तितकेसे लागत नाहीत, कारण त्याच्या डिकीत जागा असते आणि जमिनीवरचा हलका तंबूही पाच मिनिटांत उभा राहतो. तोटे मात्र सगळे लागू पडतात, आणि त्यांत एक असा आहे की जो इटालियन किंवा ट्राबांटवाल्या कुटुंबाला, दिवसभर एकाच किनाऱ्यावर बसायचे असल्यामुळे, जाणवला नसावा. घर आणि वाहन एकच झाल्याने घर आवरल्याशिवाय वाहन हलत नाही. सकाळी दूध आणायला गावात जायचे, कोणाला दवाखान्यात न्यायचे किंवा जवळचा किल्ला पाहून संध्याकाळी परत यायचे, तरी आधी गादी-पांघरूण आवरून, शिडी मिटून, कापड घडी करून कुलूप लावावे लागते. जमिनीवरचा तंबू तेवढ्या वेळात मुक्कामाची जागा राखून ठेवतो.

महाराष्ट्रात राज्य शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले तेव्हा त्याचा रोख मुख्यतः राहण्याची सोय असलेल्या पूर्ण गाड्यांवर होता, परंतु पवना धरणाच्या काठी किंवा कोकणच्या किनाऱ्यावर टपतंबू घेऊन जाणारे प्रवासीही आता दिसतात. सह्याद्रीतील पावसाळा हा या तंबूची खरी परीक्षा घेणारा ऋतू आहे. चिखलापासून आणि उतारावरून वाहत येणाऱ्या पाण्यापासून तो वाचवतो हे खरे, पण उंचावरच्या कापडाला वारा जास्त लागतो आणि वाऱ्याबरोबर सगळी गाडीच डुलते; शिवाय भिजलेले कापड सकाळी तसेच मिटावे लागले आणि दोन-तीन दिवस उघडले नाही तर त्याला बुरशी धरते, गादीला वास येतो, आणि शहरातल्या सदनिकेत साठ किलोंचा ओला तंबू वाळत घालायला जागा कोठून आणायची हा प्रश्न कोणत्याही माहितीपत्रकात छापलेला नसतो. इमारतीच्या तळघरातील वाहनतळाच्या कमानीची उंची आधी मोजून ठेवणे हेही इष्ट. कोरड्या थंडीत मात्र, डिसेंबर-जानेवारीत पठारावरच्या दगडाळ माळावर जेथे खुंटी ठोकली जात नाही आणि पाठीखाली खडा टोचतो तेथे, याच तंबूची सपाट फळी सगळे दोष विसरायला लावते.

टपतंबूच्या तांत्रिक इतिहासातील शेवटचा बदल मात्र तंबूत नव्हे तर गाडीत झाला. १९८० च्या दशकापासून हवेचा रोध कमी करण्यासाठी आणि छप्पर एकसंध दिसावे म्हणून उत्पादकांनी कडेची पन्हळ काढून टाकायला सुरुवात केली. छपराच्या जोडांची झाळ पत्र्याच्या आत गेली, आणि शिकंजांना पकडायला काही उरले नाही. त्यानंतरची कॅरिअर दाराच्या चौकटीत आकडा अडकवून, छपरावरील ठरावीक खाचांत किंवा लांबीने बसवलेल्या दांड्यांवर बांधली जातात, आणि प्रत्येक गाडीसाठी वेगळा जोडसंच घ्यावा लागतो. म्युलर यांच्या काळातील तंबू जर्मनीत हौशी संग्राहकांकडे आजही जपलेले आहेत आणि जुन्या गाड्यांच्या मेळाव्यांत ते उघडून दाखवले जातात, पण त्यात झोपायची कोणाला इच्छा झालीच तर त्याला आधी पन्हळ असलेली गाडी शोधावी लागते, आणि ती बहुधा ट्राबांटच निघते.